आउटबोर्ड मोटर हिवाळ्यासाठी ठेवताना: आधी काय, नंतर काय आणि का

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर. चार-पाच महिने बंद राहणाऱ्या अशा मोटरचं नुकसान तीन गोष्टी करतात: आत उरलेलं पाणी, आत उरलेलं पेट्रोल आणि दमट हवा. पाणी गोठलं की ओतीव धातूला तडा देतं. पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं. दमट हवा सिलिंडरच्या आतल्या भिंती, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगवर गंज चढवते. हिवाळ्याआधीचं प्रत्येक काम या तिघांपैकी एकाला बाहेर काढण्यासाठी, किंवा त्याच्या जागी तेल आणून बसवण्यासाठी असतं.

कामं कोणती, हे बहुतेक मोटर बाळगणाऱ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो क्रमात. पेट्रोल शिळं होणं लांबवणारा द्रव, म्हणजे स्टॅबिलायझर, टाकीत ओतला, पण त्यानंतर मोटर चालवलीच नाही, तर तो टाकीतच राहतो. कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल बसून असतं. फॉगिंग ऑइल, म्हणजे सिलिंडरच्या आत फवारायचं गंजरोधक तेल, मारून झाल्यावर ‘एकदा धुऊन घेऊ’ म्हणून मोटर पुन्हा सुरू केली, तर सिलिंडरमधलं ते तेल जळून जातं. इंजिन ऑइल थंड मोटरमधून काढलं, तर घाणीचा बराचसा भाग तळाशीच राहतो.

म्हणून फोर-स्ट्रोक मोटर या कामात दोनदाच सुरू करायची. पहिल्या वेळी स्टॅबिलायझर सगळीकडे पोचवायचा, आतले पाण्याचे मार्ग धुवायचे आणि ऑइल गरम करून घ्यायचं. मग मोटर बंद करून ऑइल बदलायचं. दुसऱ्या वेळी थोडाच वेळ चालवून ताजं ऑइल बेअरिंगपर्यंत फिरवायचं आणि त्याच चालवण्याच्या शेवटी फॉगिंग करून मोटर बंद पाडायची. त्यानंतर ती थेट हिवाळा संपल्यावरच सुरू होणार. टू-स्ट्रोकमध्ये बदलायला इंजिन ऑइल नसतं, त्यामुळे तिथे दोन्ही वेळची कामं मोटर एकदाच सुरू करून उरकतात. गिअर ऑइल, पंखा (प्रॉपेलर), ग्रीस आणि बॅटरी यांना मोटर चालू लागत नाही. ती नंतर सवडीने करता येतात.

हे सगळं हंगामातल्या शेवटच्या फेरीनंतर एक-दोन दिवसांत झालेलं बरं. पहिलं दव गोठेपर्यंत थांबलं, तर मधले काही आठवडे आत खारं पाणी आणि मीठ बसून राहतं.

पेट्रोल: टाकीपेक्षा टाकीपुढच्या भागाकडे लक्ष

पेट्रोल उघड्यावर नसलं तरी म्हातारं होतं. त्यातले लवकर उडणारे घटक आधी निघून जातात, उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ तयार होतो. टाकीत वीस लिटर असताना हा डिंक जाणवत नाही. कार्बोरेटरच्या तळाच्या छोट्या वाटीत, म्हणजे फ्लोट बाऊलमध्ये, चमचा-दोन चमचे पेट्रोल असतं आणि त्याला लागून असलेल्या आयडल जेटचं छिद्र केसाच्या जाडीहून फारसं मोठं नसतं. तिथे मात्र तो डिंक रस्ता बंद करतो. हंगामाच्या सुरुवातीला मोटर सुरू होते, पण कमी वेगावर टिकत नाही, चोक दिला की जरा सुधारते, अशी लक्षणं दिसली की बहुतेक वेळा दोष याच छिद्रात निघतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक अडचण आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण १५ अंश सेल्सिअसला आपल्या घनफळाच्या अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकतं, म्हणजे २० लिटरमागे सुमारे १०० मिलिलिटर. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. थंडी वाढली की पेट्रोलची ही क्षमता आणखी घटते, त्यामुळे शरद ऋतूत ठीक वाटलेलं पेट्रोल ऐन थंडीत फुटू शकतं. एकदा असा थर पडला की कोणत्याही औषधाने तो परत मिसळत नाही. ते पेट्रोल काढूनच टाकावं लागतं. स्टॅबिलायझर पेट्रोल शिळं होणं लांबवतो, पण शिळं झालेलं ताजं करत नाही. म्हणूनच तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा.

प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच. निरनिराळ्या स्टॅबिलायझरची तीव्रता फार वेगवेगळी असते, अंदाजाने ओतण्यात अर्थ नाही. आधी स्टॅबिलायझर टाकीत घालायचा आणि त्यावर पेट्रोल भरायचं, म्हणजे तो आपोआप मिसळतो. होडीत पक्की बसवलेली टाकी असेल, तर ती सुमारे ९५ टक्के भरून ठेवायची. रिकामी जागा कमी म्हणजे दमट हवा कमी, आणि वरची थोडी जागा पेट्रोल उन्हाने फुगलं तर लागते. सुटी, उचलून नेता येणारी टाकी असेल, तर सरळ रिकामी करून ठेवावी. जुनं पेट्रोल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये, ते घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणीच द्यावं.

पाणी वेगळं करणारा फिल्टर असेल तर तो याच वेळी बदलायचा. जुन्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवून पाहा. तळाशी वेगळी रेघ दिसली, तर टाकीत पाणी आहे आणि स्टॅबिलायझर घालण्याआधी त्याचा बंदोबस्त करायला हवा.

पहिल्यांदा चालवणं: धुलाई

मोटर उघड्यावरच चालवायची. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळण्याआधी बेशुद्ध करतो. पंखा आधी काढून ठेवायचा, गिअर न्यूट्रलमध्ये.

पाणी द्यायच्या दोन पद्धती सोयीच्या आहेत. मोठ्या मोटरला पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर रबराचे दोन कप, म्हणजे फ्लशिंग मफ, लावून त्यांना नळी जोडायची. लहान मोटर पिंपात उभी करायची. पाण्याची पातळी पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पट्टीच्या काही सेंटिमीटर वर हवी. दोन्हींत नियम एकच: आधी पाणी, मग स्टार्टर. आतला पाण्याचा पंप रबराच्या पात्यांचा असतो आणि त्या पात्यांना वंगण फक्त पाण्याचंच असतं. कोरडी मोटर काही सेकंद चालली तरी पाती तापून चुरगळतात, आणि त्यांचे तुकडे पाण्याच्या मार्गात जाऊन अडकतात.

मफवर मोटर आयडलवरच, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर ठेवायची, रेस करायची नाही. बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर येते तिच्यावर डोळा ठेवायचा. धार आली नाही किंवा नुसते थेंब पडले, तर लगेच बंद करून आधी त्या छिद्रात नायलॉनचा दोरा फिरवून पाहायचा. पुष्कळदा मीठ किंवा कोळ्याचं जाळं एवढंच कारण असतं. छिद्र साफ असूनही धार नसेल, तर पंपाची पाती तपासावी लागतात.

चालवायचं किती? दहा ते पंधरा मिनिटं. यातली पहिली काही मिनिटं इंजिन तापण्यातच जातात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, उघडत नाही तोवर सिलिंडरभोवतीच्या मार्गांतून पाणी मोकळेपणाने वाहत नाही, आणि मीठ साचतं ते नेमकं तिथेच. दोन मिनिटांत मोटर बंद केली, तर धुतली जाते ती बाहेरची वाट. मोटर बंद ठेवून नळी जोडायचा वेगळा फ्लश पोर्ट बऱ्याच मोटरना असतो. रोजच्या धुलाईला तो उत्तम आहे, पण हिवाळ्याआधीची धुलाई मोटर चालवूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टॅबिलायझर घातलेलं पेट्रोल पुढपर्यंत पोचायलाही हीच दहा-पंधरा मिनिटं लागतात.

इंजिन ऑइल आणि फॉगिंग

फोर-स्ट्रोकचं ऑइल ‘अजून चांगलं दिसतंय, पुढच्या हंगामात बदलू’ म्हणून ठेवू नये. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो, आणि तेच ऑइल महिनोन्‌महिने बेअरिंगला चिकटून राहणार असतं. मोटर गरम असतानाच ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं आणि मोजूनच भरायचं. सागरी फोर-स्ट्रोकसाठी एफसी-डब्ल्यू असा शिक्का असलेलं ऑइल मिळतं. त्यात गंजरोधक घटक जास्त असतात.

आता मोटर दुसऱ्यांदा सुरू करायची, अर्थात पाणी देऊनच. फिल्टरपाशी गळती नाही ना हे पाहायचं. यापुढे कार्बोरेटरची मोटर आणि फ्युएल इंजेक्शनची मोटर यांच्या वाटा वेगळ्या होतात.

कार्बोरेटर असेल, तर हवेची वाट उघडी करायची, मोटर आयडलवर ठेवायची आणि पेट्रोलची नळी सोडवायची. एक-दोन मिनिटांत वेग डळमळू लागतो. त्याच वेळी प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइलचा फवारा मारत राहायचा. दाट पांढरा धूर येतो आणि मोटर गुदमरून बंद पडते. तेच हवं असतं. टू-स्ट्रोकमध्ये हा फवारा दुप्पट महत्त्वाचा, कारण तिला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल संपत येताना वंगणही संपत असतं, ती कसर फॉगिंग ऑइल भरून काढतं.

नळी सोडवून मोटर बंद पडली म्हणजे कार्बोरेटर रिकामा झाला, हा समज खरा नाही. इंजिन थांबतं तेव्हा पातळी जेटच्या खाली गेलेली असते, पण वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल उरतंच. प्रत्येक वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून खाली फडकं किंवा छोटं भांडं धरून शेवटचा थेंब काढायचा आणि स्क्रू परत घट्ट करायचा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कार्बोरेटर उघडून साफ करण्याचा दिवसभराचा खटाटोप त्याने वाचतो.

फ्युएल इंजेक्शनच्या मोटरमध्ये पेट्रोल संपवून बंद पाडण्याचा प्रकार करू नये. तिच्या हाय-प्रेशर पंपाला थंडावा आणि वंगण पेट्रोलमुळेच मिळतं; कोरडा फिरला की तो झिजतो. तिथे स्टॅबिलायझर घातलेलं पेट्रोल आत तसंच राहू द्यायचं. काही कंपन्या पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून शेवटची काही मिनिटं चालवायला सांगतात. तसं पुस्तिकेत असेल तर तेच करावं.

इंजेक्शनच्या मोटरचं फॉगिंग स्पार्क प्लगच्या छिद्रांतून होतं. कार्बोरेटरच्या मोटरलाही हा दुसरा हात दिलेला चांगलाच. किल स्विचची, म्हणजे मोटर तातडीने बंद पाडणाऱ्या स्विचची दोरी काढायची, प्लग काढायचे आणि प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायच्या. उघड्या वायरीची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरेशी असते. प्रत्येक सिलिंडरमध्ये काही सेकंद फवारा मारून फ्लायव्हील हाताने चार-पाच वेळा फिरवायचं, म्हणजे तेल सगळ्या भिंतीला लागतं. फिरवायचं ते इंजिनच्या नेहमीच्या दिशेनेच. उलटं फिरवलं, तर पंपाची वाकलेली रबरी पाती उलट्या बाजूला मुडपतात आणि कधी तुटतात. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच घ्यायचे. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे पान्याच्या एका चुकीच्या झटक्याने जातात.

गिअर ऑइल: सगळ्यात जास्त नुकसान इथे

सगळ्या कामांतलं एकच करायला वेळ असेल, तर ते हे. पंख्याच्या पुढच्या गिअरकेसमध्ये ऑइल असतं आणि ते पाण्यापासून अडवणारे सील रबराचे असतात. सील झिजला की पाणी आत शिरतं. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी जातं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि गिअरकेस ओतीव अॅल्युमिनियमची असल्यामुळे ती ताणली जात नाही, तडकते. गोठण नसलेल्या जागीही हे पाणी निरुपद्रवी नसतं: महिनाभरात बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात.

मोटर अगदी उभी ठेवायची. खाली भांडं ठेवून आधी तळाचा स्क्रू काढायचा, पण सावकाश. पहिले थेंब नीट बघायचे: मोटर काही दिवस स्थिर उभी असेल, तर आत शिरलेलं पाणी ऑइलच्या आधी येतं. मग वरचा हवेचा स्क्रू काढला की ऑइल मोकळं वाहतं. ऑइल गडद पण स्वच्छ असेल तर उत्तम. दुधाळ, कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं, तर पाणी मिसळलंय. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणं ही नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा चकत्या मिळाल्या, तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेलंय आणि मोटर उघडावीच लागेल.

नवं ऑइल भरायचं ते खालून. वरून भरलं की हवा आत अडकते आणि गिअरकेस अर्धवट भरते. पंपाचं टोक तळाच्या छिद्रात घट्ट बसवून, वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता सलग ऑइल बाहेर येईपर्यंत पंप करायचं. मग आधी वरचा स्क्रू लावायचा. त्याने आत हवा जायची वाट बंद होते, आणि पंप काढून तळाचा स्क्रू लावेपर्यंत फारच थोडं ऑइल सांडतं. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दरवेळी नवे. वॉशर अगदी स्वस्त असतो, आणि पाणी आत येण्याच्या कारणांत जुना, दबलेला वॉशर बराच वर येतो. ऑइल किती लागेल हे मोटरवर अवलंबून: अडीच हॉर्सपॉवरच्या छोट्या मोटरला १०० मिलिलिटरसुद्धा लागत नाही, तर १५० हॉर्सपॉवरच्या मोटरला लिटरच्या आसपास जातं. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा खूपच कमी ऑइलमध्ये केस भरली, तर आत हवा आहे असं समजून पुन्हा तपासावं.

दुधाळ ऑइल सापडलं, तर ताजं भरून मोटर बाजूला ठेवणं एवढ्यावर विषय संपत नाही. सील गेलाय. हिवाळ्यात वेळ असतो; प्रेशर टेस्ट करून कोणता सील गळतोय ते शोधून तो बदलून घ्यावा.

पंखा काढलेलाच आहे, तर शाफ्टच्या मुळाशी पाहा. मासेमारीची नायलॉनची दोरी इथे गुंडाळली जाते, घर्षणाने वितळते आणि सीलच्या ओठावर चिरा पाडते. अडकलेली दोरी चाकूने न ओरबाडता उलगडत काढायची. शाफ्टच्या खाचांना पाण्यात न धुपणारं सागरी ग्रीस लावायचं. पंख्यामागचा जाड वॉशर कोणत्या बाजूने होता ते आधी फोटो काढून ठेवायचं. कॉटर पिन नवी, आणि स्टीलचीच घ्यायची असेल तर स्टेनलेस.

बाहेरची कामं

अॅनोड म्हणजे मोटरऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. ते निम्मे झाले की बदलायचे. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अॅल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. त्यांना रंग लावायचा नाही, आणि बसवण्याची जागा घासून उघडी करायची; धातूला धातू टेकला नाही तर अॅनोड नुसता शोभेला राहतो.

ग्रीसच्या सगळ्या निपलांत नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस भरायचं, मोटर उजवी-डावी आणि वर-खाली हलवत. स्टीअरिंग केबलचा दांडा मात्र पूर्ण आत घेऊनच तिथलं ग्रीस भरायचं. बाहेर असताना भरलं, तर आत ग्रीस कोंडून स्टीअरिंग अडकतं. वरचं झाकण काढून इंजिनवर गंजरोधक स्प्रेचा पातळ हात द्यायचा, टायमिंग बेल्टवर तो जाऊ न देता.

ठेवायचं कसं

उभं. आउटबोर्ड उभी असली की पाणी तिच्या मार्गांतून आपोआप निथळतं, म्हणून होडीच्या आत बसवलेल्या इंजिनासारखं तिच्यात अँटिफ्रीझ फिरवावं लागत नाही. ट्रेलरवर असेल तर पूर्ण खाली सोडून ठेवायची. वर उचलून ठेवलेल्या मोटरमध्ये पंख्याच्या मधल्या धुराच्या वाटेत पावसाचं आणि बर्फाचं पाणी साचतं, गोठतं आणि बाहेरून धडधाकट दिसणारी केस आतून फोडतं.

छोटी मोटर आडवी ठेवणं भाग असेल, तर आधी तिच्यातलं पाणी पूर्ण निथळू द्यायचं. फोर-स्ट्रोकला ठरलेलीच बाजू असते आणि ती सहसा मोटरवरच दाखवलेली असते. दुसऱ्या कुशीवर झोपवली, तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. टू-स्ट्रोक कशीही आडवी ठेवली तरी इंजिनचं डोकं पंख्यापेक्षा वर हवं, नाहीतर उरलेलं पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरपर्यंत जातं.

झाकायला हवा खेळणारं कापड वापरावं. प्लास्टिकने गच्च गुंडाळलेल्या मोटरच्या आतल्या बाजूला दव धरतं. बॉयलर किंवा शेगडी असलेल्या खोलीत पेट्रोल असलेली मोटर ठेवू नये.

बॅटरी काढून आणावी, निगेटिव्ह वायर आधी सोडवून. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तर तिचं द्रावण उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पार उतरलेली असेल, तर उणे १० च्या आसपासच गोठून तिचा डबा फुटतो. पूर्ण चार्जला १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. महिन्यातून एकदा मोजावं आणि १२.४ खाली गेली की चार्ज करावं.

मधूनच मोटर दोन मिनिटं ‘फिरवून घेण्याचा’ मोह आवरावा. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, जळण्यातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन राहते, आणि फॉगिंग ऑइल तर गेलेलंच असतं.

पुन्हा सुरू करताना

बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह आधी. कार्बोरेटरच्या मोटरमध्ये पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबून पेट्रोल आणायचं आणि कुठे पाझरतंय का ते नळीला हात लावून पाहायचं. मोटर जिथे उभी ठेवली होती तिथली जमीन बघायची. गिअर ऑइलचा डाग पडला असेल, तर पाण्यात उतरण्याआधीच सीलचा निकाल लागला. पंपाची रबरी पाती हिवाळाभर एकाच बाजूला वाकून राहिलेली असतात, आणि दोन हंगाम झाले असतील तर ती आत्ताच बदलावीत.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं निळसर-पांढरा धूर येईल, ते फॉगिंग ऑइल जळतंय. धूर थांबल्यावरही आयडल अडखळत असेल, तर प्लग तेलाने माखलेले असतात. काढून पुसायचे किंवा नवे घालायचे. पाण्याची धार सुरू झाली ना, हे मात्र धूर निवळायची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या मिनिटातच बघायचं. पहिल्या फेरीहून आल्यावर पंख्याचा नट आणि गिअरकेसचे दोन्ही स्क्रू पुन्हा एकदा तपासून घ्यायचे.